ॲलिस स्प्रिंग्जला झरा नाही

ॲलिस स्प्रिंग्जला झरा नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या या गावातून जाणाऱ्या टॉड नदीला वर्षाचे बहुतेक दिवस पाणी नाही. लेक एअर नावाच्या अवाढव्य सरोवरात १९६४ साली डोनाल्ड कॅम्पबेल या गृहस्थाने मोटार पळवून ताशी ४०३ मैलांचा विक्रम केला, यावरून त्या सरोवराची कल्पना यावी. मार्बल बार या गावात संगमरवर नाही. आणि ॲना क्रीक स्टेशनवर फलाट शोधायला जाऊ नये, कारण ते स्टेशन म्हणजे गुरं पाळण्याचं रान आहे, आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढं.

हे सगळं एका दमात म्हणून दाखवायची सवय मला पाहुण्यांमुळे लागली. आम्ही ॲडलेडला राहतो. पुण्या-ठाण्याहून कुणी आलं की सिडनी-मेलबर्न आधीच उरकलेलं असतं, आणि आमच्याकडे पोचल्यावर मागणी होते, ‘आता ते तुमचं आउटबॅक दाखवा.’ आउटबॅक म्हणजे खंडाच्या आतला रखरखीत, विरळ वस्तीचा मुलूख. महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर आराखडा येतो. आमच्या भावोजींनी पाठवलेला तर मी जपून ठेवला आहे. ‘दिवस तिसरा. सकाळी ॲलिस स्प्रिंग्ज, झऱ्यात स्नान (टॉवेल बरोबर ठेवणे). दुपारी टॉड नदीत नौकाविहार. संध्याकाळी एअर्स रॉकचा सूर्यास्त पाहून मुक्कामास परत.’ भावोजी निवृत्त इंजिनिअर आहेत, नकाशा उघडून बसल्याशिवाय ते असलं काही लिहीत नाहीत. नकाशावर जे लिहिलं होतं ते त्यांनी खरं मानलं, इतकंच.

आउटबॅकमधल्या नावांचे बहुतेक घोटाळे असेच होतात. नावावर विश्वास ठेवायचा आणि पाण्याचा कॅन घरी ठेवायचा.

नौकाविहाराचं म्हणाल तर तिथे भावोजी अगदीच चुकले नव्हते. ॲलिसमध्ये दर वर्षी टॉडच्या पात्रात बोटींच्या शर्यती होतात. बोटींना बूड नसतं. खेळाडू आत उभे राहतात, बोट दोन्ही हातांनी कमरेशी धरतात आणि वाळूतून धावत सुटतात. १९९३ साली ही शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं होतं. तिथले लोक सांगतात की टॉड वाहताना ज्याने तीनदा पाहिली तोच खरा ॲलिसवाला.

झऱ्याची गोष्ट अशी. १८७१ साली ॲडलेडहून डार्विनपर्यंत तारेची लाइन टाकायचं काम चालू होतं. त्या कामावरच्या विल्यम मिल्स नावाच्या सर्वेक्षकाला या कोरड्या पात्रात एके ठिकाणी पाणी दिसलं. पूर ओसरल्यावर खालच्या ग्रॅनाइटमुळे अडून राहिलेलं ते पाणी, म्हणजे डोह. त्याला वाटलं झरा. तार खात्याचे प्रमुख होते चार्ल्स टॉड. नदीला साहेबांचं नाव मिळालं आणि ‘झऱ्याला’ बाईसाहेबांचं, ॲलिस टॉड यांचं. वरिष्ठांना खूश ठेवण्याची ही रीत आपल्याला कुणी वेगळी समजावून सांगायला नको. पुढे जवळच गाव वसलं, त्याचं नाव मात्र स्टुअर्ट ठेवलं. तारघर ॲलिस स्प्रिंग्ज आणि गाव स्टुअर्ट, या दोन नावांचा टपालात एवढा घोळ होऊ लागला की अखेर १९३३ मध्ये गावानेही तारघराचंच नाव घेतलं. ज्यांचा तो मुलूख, त्या लोकांचं तिथलं नाव त्याआधीपासून होतंच. त्याकडे मी येते.

पाण्याची नावं हा एक स्वतंत्र सापळा आहे. चार्ल्स स्टर्ट हा इंग्रज शोधप्रवासी १८४५ मध्ये एका मोठ्या पात्राशी पोचला. त्याला खरं तर त्या पात्राला नदी म्हणायचं होतं, पण पाणी वाहत नव्हतं. मग प्रामाणिक माणसासारखी त्याने ‘क्रीक’ अशी नोंद केली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरन्यायाधीशांचं, कूपर यांचं, नाव त्याला जोडलं. आता गंमत अशी की उत्तरेकडे थॉमसन आणि बार्कू या दोन नद्या एकत्र येतात आणि त्यांच्या संगमातून तयार होतो तो हा कूपर क्रीक. दोन नद्या मिळून एक ओढा! आणि या ओढ्याला क्वीन्सलँडच्या पावसाचा लोंढा आला की पाणी कित्येक किलोमीटर रुंद पसरतं. शाळकरी पुस्तकात ‘क्रीक म्हणजे खाडी’ शिकलेल्या आपल्या मंडळींची इथे आणखीच फसगत होते. ठाण्याची खाडी डोळ्यापुढे ठेवून समुद्रापासून एवढ्या आत खाडी कशी, असं मला विचारलेलं आहे.

तेच लेक एअरचं. २०१२ पासून त्याचं सरकारी नाव काटी थांडा–लेक एअर असं जोडनाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १५ मीटर खाली, ऑस्ट्रेलियातली सर्वांत सखल जागा. नकाशात निळ्या रंगाने भरलेलं असल्यामुळे लोक किनाऱ्यावर हॉटेल शोधतात. एरवी तिथे असतं मिठाचं पांढरं कवच, पाय टाकला की वरचा पापुद्रा मोडतो आणि खालचा काळा चिखल बुटाला धरतो. पाणी येतं ते शेकडो किलोमीटरवरून, कूपर आणि डायमंटिना यांच्यासारख्या पात्रांतून, आठवडेच्या आठवडे घेत. काठोकाठ भरण्याचे प्रसंग शतकात मोजकेच. आणि तरीही लेक एअर यॉट क्लब नावाची संस्था आहे, तिच्या सभासदांची चिकाटी मला फार आवडते.

आता माणसांच्या नावांचा गोंधळ. लेक एअरचा एअर आणि एअर्स रॉकचा एअर्स हे एकच असा समज मराठीत तर हमखास होतो, कारण आपण दोन्ही नावं सारखीच लिहितो, आणि ज्यांना इंग्रजी अक्षरांचा जास्त भरवसा वाटतो ते ‘आयर’ किंवा ‘आयर्स’ लिहून दोघांनाही एकदमच बिघडवतात. एडवर्ड जॉन एअर हा पायपीट करणारा होता. १८४०-४१ मध्ये दक्षिण किनाऱ्याच्या कडेने त्याने केलेला पश्चिमेकडचा प्रवास हा आजही अंगावर काटा आणतो. हाच पुढे जमैकाचा गव्हर्नर झाला आणि १८६५ चं तिथलं बंड त्याने ज्या क्रूरपणे चिरडलं त्यावरून इंग्लंडात मोठा वाद पेटला. सर हेन्री एअर्स हे ॲडलेडचे राजकारणी. १८७३ मध्ये विल्यम गॉस या सर्वेक्षकाने तो लाल खडक, म्हणजे आजचा उलुरू, पाहिला आणि त्यांचं नाव देऊन टाकलं, एवढाच त्यांचा आणि खडकाचा संबंध.

स्टर्ट आणि स्टुअर्ट ही दुसरी जोडी. ही तर फारच अवघड, कारण जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा १८४४ च्या मोहिमेत चार्ल्स स्टर्टच्याच हाताखाली नकाशे काढायला होता. दगडगोट्यांचं वाळवंट स्टर्टचं, लाल पाकळ्यांत काळा डोळा असलेलं ते वाळवंटी फूल स्टर्टचं. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन जाणारा हमरस्ता मात्र स्टुअर्टचा, कारण १८६२ मध्ये खंडाच्या दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्याला पोचून परत येणारा तो. एका मराठी प्रवासवर्णनात ‘स्टर्ट हायवेने आम्ही ॲलिसला निघालो’ असं मी वाचलं. स्टर्ट हायवे नावाचा रस्ता खरंच आहे. तो न्यू साउथ वेल्समधल्या वागाहून ॲडलेडकडे येतो. त्यावरून निघालात तर वाटेत द्राक्षमळे लागतील, ॲलिस लागणार नाही. (वागा म्हणजे वागा वागा. इंग्रजीत ते दोनदा लिहितात, उच्चार ‘वॉगा’ करतात, आणि एकदा म्हटलं तरी चालतं.)

भावोजींच्या आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक मात्र संध्याकाळची होती. ॲलिस स्प्रिंग्ज आणि उलुरू या दोन नावांची जोडी जाहिरातींनी इतकी पक्की बांधली आहे की गावाच्या वेशीवर जाऊन उभं राहिलं की खडक दिसेल, असं सगळ्यांना वाटतं. अंतर साडेचारशे किलोमीटर. पुण्याहून पणजीला जाण्याइतकं. दक्षिणेला दोनशे किलोमीटर एर्लडंडापर्यंत यायचं, तिथे पेट्रोल भरायचं, आणि उजवीकडे वळून तितकंच आणि वर आणखी थोडं. खडकाजवळच्या वसाहतीचं नाव युलारा. विमानतळाचं नाव अजून एअर्स रॉक विमानतळ. खडक उलुरू. ज्या राष्ट्रीय उद्यानात तो आहे त्याचं नाव उलुरू–काता च्यूटा (काता च्यूटा म्हणजे जवळचाच गोल माथ्यांच्या डोंगरांचा समूह). म्हणजे हॉटेल, विमान आणि तिकीट अशी तीन बुकिंगं तीन नावांनी करावी लागतात, आणि तिन्ही बरोबर असतात.

त्या वाटेवर आणखी एक मासलेवाईक चूक घडते, आणि मी स्वतःच्या गाडीत बसून ती कितीतरी जणांना करताना पाहिली आहे. एर्लडंडा सोडल्यावर दीडेक तास सपाट रान, तांबडी माती, डेझर्ट ओकची झिपरी झाडं. मागच्या सीटवर डुलक्या. आणि अचानक डाव्या हाताला क्षितिजावर एक प्रचंड, सपाट माथ्याचा, तांबूस डोंगर उगवतो. ‘थांबवा, थांबवा!’ गाडी थांबते. फोटो निघतात, घरी पाठवले जातात, ‘पोचलो बरं का’ म्हणून. समोरचा डोंगर म्हणजे माउंट कॉनर. उलुरूला अजून तासभर आहे. तिथले गाइड या डोंगराला ‘फूलुरू’ म्हणतात, म्हणजे फसवणारा. नीट पाहिलं तर फरक लगेच कळतो. कॉनरचा माथा आपल्या सह्याद्रीतल्या गडांसारखा कापलेला, खाली घसाऱ्याचा उतार. उलुरूला कड नाही, तो गुळगुळीत, गोल खांद्याचा आहे. गड चढलेल्या मराठी माणसाने तरी इथे फसू नये, पण साडेतीनशे किलोमीटरनंतर माणसाला पोचायची घाई असते.

नकाशाचा ठिपका हा या सगळ्याचा थोरला भाऊ. आउटबॅकच्या नकाशावर विल्यम क्रीक जेवढ्या अक्षरांत छापतात तेवढ्याच अक्षरांत एखादं पाच-दहा हजार वस्तीचं गाव छापलेलं असतं. विल्यम क्रीकमध्ये राहतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, एक हॉटेल आणि एक धावपट्टी. रिकाम्या जागेत काहीतरी लिहायला हवं म्हणून नकाशावाले लिहितात. आणि संगणकाला तर ठिपका कुठेतरी ठेवावाच लागतो. २०१२ च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी लोकांना जाहीर सूचना दिली की ॲपलच्या नकाशावरून मिल्डुराला जाऊ नका. मिल्डुरा हे मरे नदीकाठचं चांगलं भरभराटीचं गाव. नकाशाने ते सत्तरेक किलोमीटर दूर, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध नेऊन ठेवलं होतं. पाणी नाही, मोबाइलला रेंज नाही, पारा ४६ अंशांपर्यंत जाणारा, आणि काही लोक चोवीस तास तिथे अडकले होते. ॲपलने दुरुस्ती केली. मला यात पोलिसांचं कौतुक वाटतं. एरवी कुणी नकाशाविरुद्ध पत्रक काढतं का?

उच्चार हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तिथे माझा थोडा जीव अडकला आहे.

ॲडलेडहून उत्तरेला साडेआठशे किलोमीटरवर ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव आहे. उन्हाळ्यापासून बचाव म्हणून लोक जमिनीच्या पोटात घरं कोरून राहतात. गावाच्या बाहेर मैलोन्‌मैल पांढऱ्या-गुलाबी मातीचे ढीग, आणि जागोजागी पाट्या. पाटीवर एक माणूस पाठमोरा चालता चालता खड्ड्यात पडतोय असं चित्र. फोटो काढताना मागे मागे सरकू नका, असा त्याचा अर्थ. मराठी वर्तमानपत्रं या गावाला ‘कूबर पेडी’ म्हणतात. तिथल्या पेट्रोलपंपावर असं म्हणून पाहा, समोरची बाई दोन क्षण विचारात पडेल. गावाचं नाव ‘कूबा पीडी’. मुळात कोकथा लोकांच्या भाषेतले शब्द, कूपा पिती, अर्थ साधारण ‘गोऱ्या माणसाचं बीळ’. त्या भाषेत प आणि ब हे वेगळे धरत नाहीत, म्हणून लिहून घेणाऱ्या इंग्रजाने एकदा ब ऐकला, एकदा प. शब्दाच्या शेवटचा र ऑस्ट्रेलियन माणूस उच्चारत नाही, म्हणून त्याने ‘आ’ साठी खुशाल शेवटी र घातला. तो र आपण प्रामाणिकपणे वाचला. म्हणजे कोकथा कानातून इंग्रजी स्पेलिंगात आणि स्पेलिंगातून देवनागरीत येताना नाव दोनदा सांडलं.

हे टाळता आलं असतं, आणि तेही आपल्याच लिपीत. मध्य ऑस्ट्रेलियातल्या भाषांमध्ये जीभ मागे वळवून टाळूला लावायचे जे वर्ण आहेत, ट, ण, ळ, त्यांनी इंग्रजी लिहिणाऱ्यांना जेरीस आणलं. रोमन लिपीत त्यांना अक्षर नाही. मग काही भाषांत त्या आवाजाच्या आधी एक र लिहायची पद्धत पडली आणि काही भाषांत अक्षराखाली रेघ मारायची. हा र निव्वळ खूण आहे, तो म्हणायचा नसतो. र आणि ल जवळ आले की वाचायचं ळ. र आणि न जवळ आले की ण. इंग्रजीभाषक इथे हटकून अडखळतो, कारण त्याच्या तोंडात ळ नाही. आणि ज्याच्या तोंडात जन्मापासून ळ आहे तो मराठी माणूस इंग्रजी अक्षरं वाचून ‘कार्लू कार्लू’ लिहितो!

ॲलिसच्या उत्तरेकडच्या टेनंट क्रीक या गावाच्या दक्षिणेला, हमरस्त्याच्या अगदी कडेला, गोल गोल प्रचंड शिळा एकमेकींवर तोललेल्या आहेत. इंग्रजीत डेव्हिल्स मार्बल्स, सैतानाच्या गोट्या. मूळ नाव कळू कळू. दोन्ही ळ आपल्या ‘काळा’मधल्यासारखे. संध्याकाळी तिथे उभं राहून मी आमच्या लेकीला पाटीवरचं नाव वाचायला लावलं. ती ॲडलेडला वाढलेली, तिने सरळ कार्लू म्हटलं. मग तिची आजी पुढे झाली, जिला इंग्रजी वाचता येत नाही. तिला मी नुसतं तोंडी सांगितलं, आणि तिने पहिल्या झटक्यात ते नाव असं खणखणीत म्हटलं की शेजारच्या गाडीतलं जोडपं वळून बघायला लागलं. याच जागेची आणखी एक हकिगत सांगण्याजोगी आहे. दूरच्या वस्त्यांवर विमानाने डॉक्टर पोचवणारी फ्लाइंग डॉक्टर सेवा सुरू करणाऱ्या जॉन फ्लिन यांच्या समाधीवर ठेवायला १९५० च्या दशकात इथली एक शिळा उचलून ॲलिसला नेली. ज्यांची ती पवित्र जागा त्यांना कुणी विचारलं नाही. ती परत आणायला १९९९ साल उजाडलं. जागेची मालकी २००८ मध्ये परत मिळाली.

ही किल्ली हातात आली की बरीच कुलपं उघडतात. मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका भाषेचं आणि तिच्या लोकांचं नाव इंग्रजी वळणाने ‘वार्लपिरी’ म्हणतात, ते वळपिरी. पश्चिमेकडच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पट्टेदार टेकड्या, पुर्नुलुलु नव्हे, पुणुलुलु. ॲलिस स्प्रिंग्ज ज्यांच्या मुलखात आहे ते लोक अरण्टा, आणि गावाचं त्यांचं नाव म्बण्ट्वा. ‘एमपार्न्टवे’ असं एका मराठी संकेतस्थळावर पाहिलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून चहा टाकला. काता च्यूटामधला पहिला त साधा, दुसरा ट जीभ वळवून. इंग्रजीत दोन्ही एकाच अक्षराने लिहितात आणि खाली रेघ मारायची राहून जाते. आणि ङ! शाळेत क ख ग घ ङ म्हणताना तो ङ कशाला असतो हे आयुष्यात कळलं नाही, इथे तो शब्दाच्या सुरुवातीला येऊन बसतो. ङान्याचारा नावाचे लोक आहेत, ङारिन्यिन आहेत. मुळाक्षरं पाठ करणाऱ्या आपल्या कुठल्याही पोराला जे जमेल ते इथल्या बातमी वाचणाऱ्यांना सरावाने शिकावं लागतं. शीवचं सायन आणि भायखळ्याचं बायकुला करणाऱ्या साहेबाला आपण हसत आलो, आणि इथे मात्र त्याच साहेबाच्या स्पेलिंगाचं बोट धरून चालतो.

उलटा घोटाळाही होतो. ऐकायला अनोळखी वाटलं की ते आदिवासी नाव, असं लोक धरून चालतात. नल्लारबोर हे त्याचं उत्तम उदाहरण. दक्षिणेचं ते अफाट पठार, ज्यावरून रेल्वे ४७८ किलोमीटर एकाही वळणाशिवाय जाते. कितीतरी ठिकाणी ‘मूळ रहिवाशांच्या भाषेतील शब्द’ असं छापलेलं मी वाचलं आहे. तो शुद्ध लॅटिन आहे, ‘एकही झाड नाही’, आणि तो १८६० च्या दशकात डेलिसर नावाच्या सर्वेक्षकाने बसवला. मार्बल बारची कथा अशीच साधी. नदीच्या पात्रात आडवा गेलेला पट्टेदार लाल-पांढरा खडक लोकांना संगमरवर वाटला. निघाला जॅस्पर नावाचा दुसराच दगड. चूक कळली तोवर नाव रुळलं होतं. गाव प्रसिद्ध आहे ते उष्णतेसाठी. १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस तिथे पारा शंभर फॅरनहाइटच्या खाली उतरला नाही, म्हणजे दिवसाचं कमाल तापमान. अकोला-चंद्रपूरच्या मंडळींनी सुद्धा इथे हात जोडावेत.

नावाने फसवणाऱ्यांत ‘द घॅन’ ही आगगाडीही मोडते. ॲडलेडहून ॲलिसला आणि २००४ पासून थेट डार्विनला जाते. घॅन म्हणजे अफगाण. रेल्वे येण्याआधी या भागात माल नेला तो उंटांच्या तांड्यांनी, आणि उंटवाल्यांना सगळे सरसकट अफगाण म्हणत. त्यांत अफगाण होतेच, पण बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण असे कितीतरी ब्रिटिश हिंदुस्थानातले होते. खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या १८६० च्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडल्स याने दोन डझन उंट जहाजावर चढवले ते कराचीत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आपले लोक या कथेत आहेत हे मराठी पर्यटकाला कुणी सांगत नाही. मारी या गावात त्यांनी मातीची छोटी मशीद बांधली होती. मारीचं पूर्वीचं नाव हरगॉट स्प्रिंग्ज, एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावरून, तेही एक अक्षर गाळून लिहिलेलं. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं नकोशी झाली आणि गाळलेल्या अक्षरासकट ते नाव पुसलं गेलं.

नावं बदलण्यावरून इथे जो वाद चालतो तो ऐकताना आपल्याला घरचाच वाटतो. ‘आम्ही लहानपणापासून हेच म्हणत आलो’ इथपासून ‘पाट्यांचा खर्च कोण देणार’ इथपर्यंत सगळं तेच. मला स्वतःला जुनं नाव परत येण्यात आनंद आहे, विशेषतः ज्याच्या जागी ते येतं ते नाव पाहिलं की. पश्चिमेकडच्या एका पर्वतरांगेला बेल्जियमच्या राजा लिओपोल्डचं नाव होतं, काँगोत ज्याच्या राजवटीत असंख्य माणसं मेली त्या लिओपोल्डचं. २०२० मध्ये ते जाऊन वुनामिन मिलिवुंडी आलं. त्याच वर्षी लेक डिसअपॉइंटमेंट गेलं. १८९७ मध्ये फ्रँक हान हा ओढ्यांच्या वळणावरून गोड्या पाण्याचं तळं असणार असा अंदाज बांधत पोचला, समोर मीठ दिसलं, आणि त्याने आपली निराशा नकाशावर लिहून टाकली. मार्तू लोक त्याला कुम्पुपिंटिल म्हणत होते, आता सरकारही म्हणतं. उलुरूच्या बाबतीत बदल पायरीपायरीने झाला. १९८५ मध्ये जमीन अनंगू लोकांना परत, १९९३ मध्ये ‘एअर्स रॉक / उलुरू’ असं जोडनाव, २००२ मध्ये क्रम उलटा, आणि २०१९ च्या २६ ऑक्टोबरपासून वर चढणं बंद. अजूनही ‘चढायला किती वेळ लागतो’ असं विचारणारे पाहुणे येतात.

आणि अर्थ विचारणारे तर फारच. आपल्याकडे नावाला अर्थ असलाच पाहिजे, त्यातून तो संस्कृतात सापडला तर दुधात साखर. ऑस्ट्रेलिया म्हणजे ‘अस्त्रालय’ हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. उलुरूचा अर्थ कुणी ‘धरतीमाता’ सांगतं, कुणी ‘महान खडा’. तिथल्या लोकांच्या पिचांचाचारा भाषेत त्याला कसलाही अर्थ नाही, ते विशेषनाम आहे, आणि तिथल्या एका जुन्या घराण्याचं आडनावही. (भाषेच्या या नावातला एक ‘चा’ बोलताना गळतो, म्हणून ‘पिचांचारा’ ऐकू आलं तर समोरचा चुकला असं समजू नका.) काता च्यूटाला मात्र अर्थ आहे, ‘पुष्कळ डोकी’, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात एका टेकडीचं नाव मामुंगकुकुंपुरांगकुंचुन्या, म्हणजे ‘जिथे सैतान लघवी करतो’. हे दोन्ही अर्थ मी भावोजींना सांगितले. दुसरा त्यांना फारसा रुचला नाही. ‘बरं, पण उलुरूचा मूळ धातू कोणता?’ त्यांनी पुन्हा विचारलं. उलुरू म्हणजे उलुरू, मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कुटुंबाच्या गटावर त्यांचा फोटो आला, मागे खडक, आणि खाली ओळ: ‘उरु म्हणजे संस्कृतात विशाल. बाकी सुज्ञांस सांगणे न लगे.’ खाली अठ्ठावीस अंगठे. आणि फोटोतला खडक सपाट माथ्याचा होता.